नाताळच्या सुट्टीत इमॅजिका: मुंबईहून पहिल्यांदा सहकुटुंब जाताना

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "मुलांना सुट्टी लागली, यंदा कुठे?" गावी जाऊन यायला दिवस पुरत नाहीत, कोकण रेल्वेचं रिझर्वेशन केव्हाच संपलेलं असतं, आणि मुलांच्या वर्गातलं कुणीतरी नुकतंच रोलर कोस्टरमध्ये बसून आलेलं असतं. मग घरात बैठक बसते आणि थीम पार्कवर शिक्कामोर्तब होतं.

मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांना जुनी मंडळी अजूनही एस्सेलवर्ल्डचं नाव सांगतात. गोराईचं ते पार्क १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा होडीत बसून तिकडे जायचा बेत आखू नका. आज मुंबईकर थीम पार्क म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा खोपोलीजवळचं इमॅजिका असतं. एप्रिल २०१३ मध्ये ते उघडलं. रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, दादरहून साधारण ऐंशी किलोमीटर.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून टाका. सुट्टीच्या आठवड्यात सगळ्या राइड्स होत नाहीत. तिकिटावर राइड्स अनलिमिटेड असतात, दिवस नसतो. मोठ्या राइडला तासभर रांग, मध्ये जेवण, कुणाला बाथरूम, कुणाची सँडल तुटली. यातून चार-पाच माणसांचं कुटुंब सहा-सात राइड्स आणि एखाद-दोन शो निवांतपणे करून आलं तर सहल झकास झाली म्हणायची. त्या सहा-सात कोणत्या, हे घरीच ठरवायचं. पुढचं सगळं त्या भोवतीच फिरतं.

मुळात तुमच्या घराला ते झेपेल का?

सर्वांत धाकटं पोर तीन वर्षांखालचं असेल आणि बरोबर दुसरं मोठं मूल नसेल, तर माझं मत विचाराल तर यंदा खोपोली राहू द्या. दोन-अडीच तासांचा प्रवास, दिवसभर कडेवर, आणि त्याला बसता येतील अशा राइड्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यापेक्षा भायखळ्याची राणीची बाग बरी. तिथे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, तिकीट अगदी थोडक्यात पडतं आणि दुपारी झोपेच्या वेळी घरी परतता येतं. फक्त बुधवारी बाग बंद असते. चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी घाटकोपरच्या आर सिटी मॉलमधलं किडझानिया आहे. तिथे मुलं फायरमन, डॉक्टर, पायलट होऊन 'नोकऱ्या' करतात आणि खोटे पैसे कमावतात. आईबाबांना बाहेर बसून चहा पिता येतो, हे त्याचं मोठं आकर्षण. ठाण्याच्या बाजूला राहत असाल तर मानपाड्याची टिकुजिनीवाडी आहेच. तिथे अर्ध्या दिवसात राइड्स आटोपतात आणि खिशालाही फार चटका बसत नाही.

मुलं सहा-सातच्या पुढची असतील, किंवा घरात एखादा कॉलेजकुमार काका किंवा आत्या असेल, तर मात्र खोपोलीच गाठा.

दिवस कोणता

या पार्कचं दुखणं असं की ते मुंबई आणि पुण्याच्या मधोमध आहे. मुंबईकरांना सुट्टी लागते त्याच दिवशी पुणेकरांनाही लागते आणि दोन्ही शहरं एकाच गेटवर येऊन उभी राहतात. २५ डिसेंबर आणि त्याला चिकटून आलेला शनिवार-रविवार हे सर्वांत वाईट दिवस. २०२६ मध्ये २५ तारीख शुक्रवारी आहे, म्हणजे सलग तीन दिवस जत्रा. ३१ डिसेंबरला संध्याकाळी गाण्याबजावण्याचा बेत असला तर तरुण गर्दी वेगळीच. लहान मुलं असतील तर तो दिवस टाळा.

शाळेची सुट्टी २२-२३ तारखेपासूनच लागली असेल आणि ऑफिसात एक दिवस रजा मिळत असेल, तर २४ च्या आधीचा मधला वार पकडा, सोमवार ते बुधवार. कॉन्व्हेंट शाळांची नाताळची सुट्टी बहुधा लांब असते, मराठी माध्यमाच्या शाळांना काही वेळा जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. चुलत-मावस भावंडं एकत्र न्यायची असतील तर आधी सगळ्यांच्या शाळांची पत्रकं एकत्र मांडून बघा. जानेवारीत पहिला शनिवार-रविवार उलटल्यावर गर्दी ओसरते, पण तेव्हा मुलांची शाळा सुरू झालेली असते. एका दिवसाच्या दांडीने काय बिघडतं, हा वाद ज्याने त्याने आपल्या घरी घालावा.

सहामाही परीक्षा ते नाताळ हा शाळांच्या सहलींचाही मोसम असतो. पार्किंगमध्ये पिवळ्या बसची रांग दिसली तर दचकू नका. शाळेच्या सहली संध्याकाळी लवकर निघतात, कारण मुलांना वेळेवर घरी पोचवायचं असतं. चारनंतर त्या बस हलल्या की आतल्या रांगा तुमच्या डोळ्यांदेखत आखडतात.

तिकीट काढताना

तिकीट पार्कच्या अधिकृत वेबसाइटवरूनच, आणि आधी काढा. दर दिवसागणिक बदलतो. सुट्टीच्या दिवशी चढा, मधल्या वारी उतरता. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'एकावर एक फ्री'च्या लिंकला हात लावू नका.

तिकीट घेताना तीन गोष्टी नीट वाचा. पहिली, थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि त्यांची तिकिटं वेगवेगळी. दुसरी, मुलांचं तिकीट वयापेक्षा उंचीवर ठरतं. तिसरी, जेवण धरून आणि जेवणाशिवाय असे प्रकार असतात. जेवणासकट तिकीट घेतलं तर त्यात कोणतं हॉटेल आणि काय मिळतं ते बघा. जैन किंवा उपवासाचं हवं असेल तर आधी विचारून ठेवा. चतुर्थी त्याच दिवशी येत नाही ना, हेही कॅलेंडर उलटून बघायला हरकत नाही.

थीम आणि वॉटर पार्क एकाच दिवशी करायचा मोह होतो. डिसेंबरात करू नका. सकाळी पाणी गार असतं, सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि खोपोली घाटाच्या पायथ्याला असल्याने अंधार पडला की मुंबईपेक्षा बराच गारवा येतो. भिजलेली पोरं संध्याकाळी कुडकुडत बसली की आजीची बोलणी खावी लागतात, आणि ती रास्त असतात. वॉटर पार्क मे महिन्यासाठी ठेवा.

आता एक्सप्रेस पास, म्हणजे जास्तीचे पैसे भरून वेगळ्या, छोट्या रांगेतून आत. नाताळात तो घ्यावा का? सरसकट सगळ्यांसाठी घेऊ नये. आजोबा रोलर कोस्टरमध्ये बसणार नाहीत आणि चार वर्षांच्या मुलीला त्या राइड्सवर सोडणारच नाहीत, मग त्यांच्या पासचे पैसे कशाला? ज्या दोघा-तिघांना मोठ्या राइड्स करायच्या आहेत त्यांच्यापुरता घ्या, तोही २५ च्या आसपासचाच दिवस नाइलाजाने मिळाला असेल तर. पासात कुठल्या राइड्स येतात आणि प्रत्येकीवर किती वेळा, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

दाराच्या चौकटीशी उभं करा

माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत महत्त्वाचं काम हे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक मुलाची उंची घरी मोजा. शिंपी वापरतो ती टेप, भिंतीला टाचा, डोक्यावर वही आडवी, पेन्सिलीने खूण. मग वेबसाइटवर प्रत्येक राइडपुढे दिलेली कमीत कमी उंची बघा आणि मुलासमोरच सांगा: यात बसता येईल, यात नाही.

हे घरी का करायचं, ते तिथे गेल्यावर कळतं. राइडच्या तोंडाशी एक रंगवलेली पट्टी असते. पुढच्या घरातलं आठ-नऊ वर्षांचं पोर त्याखाली जाऊन ताठ उभं राहतं, टाचा उचलतं, मान ताणतं. कर्मचारी शांतपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवायला लावतो. दोन बोटं कमी. आई म्हणते, "अहो दादा, बूट घातलेत की त्याने!" बाबा म्हणतात, "मी आहे ना बरोबर." दादा मान हलवतो. मागची रांग खोळंबते, पोराचा चेहरा रडवेला होतो, आणि तासभर उभं राहिलेलं कुटुंब बाजूच्या फाटकातून बाहेर पडतं. तो दादा बरोबरच असतो. सीटवरचा लोखंडी पट्टा ठरावीक उंचीच्या माणसासाठी बनवलेला असतो; लहान अंग त्यातून सुटू शकतं. तिथे हुज्जत घालू नका, ओळख सांगू नका.

उंची मोजून झाली की बैठक घ्या आणि प्रत्येकाला एक हक्काची राइड निवडू द्या. घरातल्या प्रत्येकाला एक, अगदी आजीलासुद्धा. ती काहीही झालं तरी होणार. बाकी जमेल तशा. दिवसभरातली निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण दुपारी तीनला सगळे दमलेले असताना "आता कुठे" हा प्रश्न उरतच नाही.

निवडायला सोपं जावं म्हणून थोडी ओळख. नायट्रो हे तिथलं सर्वांत मोठं रोलर कोस्टर. पायाखाली फळीच नसते, पाय हवेत लोंबकळतात आणि माणूस उलटासुलटा होतो. ज्याला जायंट व्हीलमध्ये वर थांबलं की डोळे मिटावेसे वाटतात, त्याने भिडेखातर यात बसू नये. डीप स्पेस हे बंद इमारतीतलं, काळोखातलं कोस्टर. वळण कुठे येणार ते दिसत नाही, हीच त्याची गंमत आणि हीच भीती. स्क्रीम मशीन हा मोठा झोका, गोल फिरत वर जाणारा. डेअर टू ड्रॉपमध्ये उंचावर नेऊन खाली सोडतात. या चौघांना तरुणांच्या खात्यात टाका.

गोल्ड रश एक्सप्रेस हे मधल्या वयाच्या मुलांचं पहिलं कोस्टर म्हणून चांगलं. अलीबाबाच्या राइडमध्ये बसल्या जागेवरून लुटुपुटूच्या बंदुकीने नेम धरायचा असतो, त्यात मावशीपासून भाच्यापर्यंत सगळे रमतात. आय फॉर इंडिया मला स्वतःला आवडते: खुर्ची पुढे सरकून प्रचंड पडद्यासमोर लटकते आणि देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. आजी-आजोबांना पाठीचा किंवा चक्करचा त्रास नसेल तर त्यांच्या हक्काची राइड म्हणून हीच सुचवा. सलीमगड हा भुतांचा वाडा, चालत जायचा. आठ वर्षांखालच्यांना नेलंत तर रात्री झोपवणं तुमच्याकडे.

राजासॉरस ही होडीची राइड, शेवटी वरून पाण्यात सूर मारणारी. ते नाव काही पार्कवाल्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खराखुरा भारतीय डायनासोर. त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं. रांगेत मुलं कंटाळली की सांगायला ही गोष्ट बरी पडते.

गरोदर बायका, हृदयाचा, रक्तदाबाचा, मान-पाठीचा त्रास असलेली माणसं यांनी वेगवान राइड्स टाळायच्या. पाटीवर लिहिलेलं असतं, पण घरच्या उत्साहात काका ती वाचत नाहीत. त्यांना आदल्या रात्रीच वाचून दाखवा.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर मुंबई-पुणे एक्सप्रेस वे धरायचा, खालापूरचा टोलनाका ओलांडून खोपोली एक्झिटला उतरायचं आणि पालीच्या रस्त्याला लागायचं. तिथून वीसेक मिनिटं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचे टोल छोट्या गाड्यांना माफ आहेत, पण एक्सप्रेस वेचा टोल आहेच. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या दिवशी बघा. गिरगाव, परळ, शिवडी या बाजूला राहत असाल तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरून थेट चिर्ल्याला उतरता येतं. कारला एका वेळचे २५० रुपये लागतात, पण चेंबूर-वाशीची घुसमट वाचते.

नवख्या माणसाला न कळणारी भानगड पुढेच आहे. लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबतात. तुम्हाला घाट चढायचाच नसतो, पण त्या रांगेची शेपटी मागे खालापूरपर्यंत आली तर लोणावळ्याला चिक्की खायला निघालेल्यांबरोबर तुम्हीही अडकता. म्हणून पनवेल यायच्या आत बरोबरच्या माणसाने मोबाइलवर नकाशा बघावा. घाटापासून खालापूरपर्यंत लाल रेघ दिसली तर एक्सप्रेस वेवर चढूच नका. पळस्पे फाट्यावरून जुना हायवे धरा: चौक, खालापूर, खोपोली. गावं लागतात, वेग कमी, पण गाडी चालत राहते. शिवाय पळस्प्याला दत्त स्नॅक्सची कोथिंबीरवडी आणि खोपोलीत रमाकांतचा वडा, हे दोन्ही त्याच रस्त्यावर आहेत. नाश्ता तिथेच उरकला तर पार्कात शिरल्या शिरल्या "भूक लागली" सुरू होत नाही.

घरातून किती वाजता निघायचं? पार्क उघडायच्या अर्धा तास आधी गेटवर, हा हिशेब ठेवून मागे मोजत या. सुट्टीत वेळा बदलतात, म्हणून त्या दिवसाची वेळ वेबसाइटवर बघूनच. दादर-माहीमकरांनी सातला गाडीत बसलेलं बरं. आठला निघू म्हणणारं घर नऊला निघतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

गाडी नसेल तर मध्य रेल्वे. सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल आहेत, पण मोजक्या. नाहीतर कर्जतला उतरून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत जाणारी खोपोलीची गाडी पकडायची. सव्वादोन ते अडीच तास धरा. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. बसण्याआधी भाडं ठरवा आणि संध्याकाळी न्यायला याल का, हेही तेव्हाच विचारून नंबर घ्या. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर रिक्षा शोधत मुलांना घेऊन उभं राहणं काही खरं नाही. पनवेल किंवा खोपोलीहून पालीकडे जाणारी एसटीही चालते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढच्यांना मोफत, त्यामुळे आजी-आजोबांसह मोठा गोतावळा असेल तर हिशेब करून बघा. आधार कार्ड बरोबर ठेवा.

आठ-दहा माणसं असतील तर सरळ ड्रायव्हरसकट टेम्पो ट्रॅव्हलर करा. दिवसभर उन्हात चाललेल्या बाबांनी रात्री नव्वद किलोमीटर गाडी चालवायची, ही कल्पना मला पटत नाही.

आणि देवदर्शन. खोपोलीच्या अलीकडे महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर, दोन्ही अष्टविनायकांतले, त्यामुळे घरात कुणीतरी म्हणणारच, "एवढं जातोय तर दर्शन घेऊनच जाऊ." सुट्टीत देवळातही रांग असते. सकाळी दर्शनाला गेलात तर पार्कचे सर्वांत मोकळे दोन तास तिथे जातात. रात्री मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाली करा, नाहीतर पुढच्या वेळी. मॅपवर टाकताना 'महाड' टाकू नका, नाहीतर महामार्गाने पार चवदार तळ्यापर्यंत जाल.

अंगावर काय, पिशवीत काय

डिसेंबरची सकाळ फसवी. घरातून निघताना स्वेटर, बाराला टोपी, सातला पुन्हा स्वेटर. प्रत्येकाला एक पातळ जॅकेट, जे कमरेला बांधता येईल.

पायात पट्ट्याचे सँडल किंवा बूट. सैल चपला मोठ्या राइड्सवर काढून ठेवायला लावतात आणि दिवसभर चालून त्यांचे अंगठे तुटतात ते वेगळंच. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. ओढणी, लांब पदर, मोठे झुमके राइडवर नकोत, कुर्ता-लेगिंग उत्तम. मंगळसूत्र लांब असेल तर कुर्त्याच्या आत. चष्म्याला मागून दोरी बांधा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्याचं खाणं आणि औषधं चालतात. तरी डब्यात मेथीचे ठेपले, दशम्या, चिवडा न्याच, गाडीत राहू द्या. रात्री परतताना तेच कामाला येतात. पिशवीत रिकामी पाण्याची बाटली, मुलांचा एक कपड्यांचा जोड, छोटा टॉवेल, प्लॅस्टिकची जाड पिशवी ओल्या कपड्यांसाठी, पॉवर बँक, क्रोसीन, बँडेज. गाडी लागणाऱ्या मुलासाठी आवळासुपारी आणि पुढची सीट. पिशवी एकच आणि हलकी ठेवा, कारण राइडवर ती नेता येत नाही. लॉकर मिळतात, पैसे देऊन.

मुलांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आईबाबांचा मोबाइल नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. गर्दीत नेटवर्क दगा देतं, म्हणून आत शिरल्यावर एक ठळक जागा दाखवून ठेवा: चुकलो तर इथेच यायचं, कुणालाही शोधत हिंडायचं नाही. मोठ्यांनाही हाच नियम लावा. हरवण्यात काका लोक मुलांच्या पुढे असतात.

आत शिरल्यावर

गेट उघडलं की गर्दी पहिल्या दिसणाऱ्या गोष्टीपाशी थांबते: नाताळचं झाड, फोटो, टोप्यांची दुकानं. तुम्ही थांबू नका. सांताक्लॉज आणि रोषणाई संध्याकाळी जास्त छान दिसते. पहिल्या तासात घरातली सर्वांत मोठ्या रांगेची हक्काची राइड उरकायची, म्हणजे बहुधा नायट्रो. त्या पहिल्या तासात जे वीस मिनिटांत होतं, त्याला दोन वाजता दीड तास लागू शकतो.

ज्यांना त्यात बसायचं नाही त्यांनी खाली उभं राहून वर बघत बसू नये. तेवढ्या वेळात आजी आणि धाकटी टबीच्या, म्हणजे पार्कच्या त्या हत्तीच्या, उडत्या राइडवर जाऊन येऊ शकतात. लहान मूल असलेल्या आईबाबांनी राइडच्या तोंडाशी विचारायचं की एकाने बसून आल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता बसता येईल का. जिथे सोय असेल तिथे देतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पाण्याच्या राइड्स बारा ते दोनमध्ये करा, ऊन कडक असताना. कपडे अंगावरच वाळतात. त्याच वेळी बाकी जग जेवायला गेलेलं असतं, त्यामुळे रांगही आखूड. तुमचं जेवण मग अडीचला. पोरं तोवर धीर धरणार नाहीत, म्हणून अकराला काहीतरी तोंडात टाका. आतलं खाणं महाग आहे, हे घरूनच मान्य करून निघा, म्हणजे प्रत्येक बिलाला बाबांचा चेहरा उतरत नाही. मुलांच्या हातात दिवसाचे ठरावीक पैसे द्या: आइस्क्रीम, खेळणं, राइडवरचा फोटो, काय हवं ते त्यांनी त्यातूनच घ्यायचं. फोटोच्या काउंटरवरची रडारड एकदम कमी होते.

अडीच ते चार ही दिवसाची घसरण. पोट भरलेलं, पाय दुखतायत, ऊन डोक्यावर. मोठ्या राइडच्या रांगेत यावेळी उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा. बंद, थंड, बसायच्या गोष्टी इथे ठेवा: आय फॉर इंडिया, अलीबाबा, एखादा शो. आजोबांना सावलीत बाक बघून द्या आणि पिशव्या त्यांच्या ताब्यात. खांद्यावरचं ओझं गेलं की बाकीच्यांचा वेग वाढतो. मात्र त्यांना तिथे तीन तास रखवालीला बसवू नका. अर्ध्या तासाने कोणीतरी चहा घेऊन यावं आणि जागा बदलावी.

चारनंतर पुन्हा बाहेर. शाळेच्या बस निघालेल्या असतात, लांबून आलेली कुटुंबं पार्किंगकडे वळायला लागतात. राहिलेल्या हक्काच्या राइड्स आता. संध्याकाळी मिरवणूक, म्हणजे परेड असेल तर तिची वेळ सकाळीच विचारून ठेवा. परेड चालू असताना निम्मा पार्क रस्त्याच्या कडेला उभा असतो. ज्यांना नाचगाण्यात रस नाही त्यांनी त्या वेळात रांगा गाठाव्यात.

रांगेत घुसणारे भेटतीलच. "आमची माणसं पुढे आहेत" म्हणत दहा जण निघून जातात. स्वतः भांडत बसण्यापेक्षा कर्मचाऱ्याला सांगा. आणि एक कृपा करा, आपल्या मुलालाही जागा धरायला पुढे पाठवू नका.

परतीचं

सगळ्यांबरोबर बंद व्हायच्या वेळी निघालात तर पार्किंगमधून बाहेर पडायलाच अर्धा तास जातो. पाऊण तास आधी निघा, किंवा मग निवांत बसून खाऊन सगळ्यात शेवटी. मुलांचे कपडे गाडीत बसण्याआधी बदला, अगदी ओले नसले तरी. घामाने भिजलेल्या बनियनवर एसीचा वारा लागला की दुसऱ्या दिवशी शिंका. रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे येणारा एक्सप्रेस वे भरलेला असतो, तेव्हा नकाशा पुन्हा एकदा बघा, गरज पडली तर जुना हायवे. लोकलने जाणाऱ्यांनी खोपोलीहून शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडायची असं ठरवून ठेवा, शेवटची नव्हे.

डब्यातले ठेपले पनवेल यायच्या आत काढा. त्यानंतर मागच्या सीटवर कोणी जागं नसतं.